अग्निशमन सेवेतील वाटाघाटींची कोंडी : कायदा, मार्ग आणि जोयड्याचा प्रश्न

सार्वजनिक सेवेतील कामगार आणि त्यांचा मालक, म्हणजे सरकार, नगरपालिका किंवा महामंडळ, यांच्यातील वेतनाची बोलणी फिसकटली की त्याचे चटके तिसऱ्याच माणसाला बसतात. बस बंद पडली तर तो पायी जातो, कचरा उचलला गेला नाही तर नाक दाबून बसतो. अग्निशामक दलाची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथे सेवा काही तास खंडित झाली तरी होणारे नुकसान पुढे कोणत्याही करारनाम्याने भरून निघत नाही. त्यामुळेच या सेवेतील संपाला जगभर बंधने आहेत आणि त्या बंधनांच्या बदल्यात कामगारांना काय मिळावे, हा कामगार कायद्यातील एक अवघड प्रश्न मानला जातो.

गोव्याच्या पूर्व सीमेला लागून असलेल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्याकडे पाहिले की या प्रश्नाचे सगळे पदर एकाच ठिकाणी दिसतात. या लेखात त्या तालुक्याच्या अनुषंगाने अग्निशमन कर्मचाऱ्यांच्या वाटाघाटींचा कायदा, कोंडी निर्माण होण्याची कारणे आणि ती फोडण्याचे देशात व परदेशात वापरले गेलेले मार्ग यांचा आढावा घेतला आहे.

जोयडा : आग एक, मालक अनेक

पूर्वीचा सुपा तालुका म्हणजे आजचा जोयडा. काळी नदीवरील सुपा धरणाच्या जलाशयात जुने सुपा गाव बुडाले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. उत्तर कन्नड जिल्हा १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत मुंबई राज्यात होता. आजही रामनगर, जगलबेट, कॅसलरॉक, अनमोड या पट्ट्यात मराठी आणि कोकणी सर्रास ऐकू येते. तालुका विस्ताराने मोठा, वस्ती विरळ आणि बहुतेक भूभाग जंगलाचा आहे. अणशी राष्ट्रीय उद्यान आणि दांडेली अभयारण्य मिळून झालेला व्याघ्र प्रकल्प २०१५ पासून काळी व्याघ्र प्रकल्प या नावाने ओळखला जातो.

अशा मुलखात आग विझवण्याचे काम एकाच खात्याकडे नसते. घर, दुकान, वाहन पेटले तर कर्नाटक राज्य अग्निशमन व आणीबाणी सेवा खात्याचे जवान येतात. ते राज्य सरकारचे कर्मचारी. जंगलात वणवा लागला तर वन खात्याचे रक्षक आणि उन्हाळ्यापुरते रोजंदारीवर घेतलेले पहारेकरी झाडांच्या डहाळ्या आणि झोडपण्या घेऊन धावतात. गणेशगुडीचे सुपा धरण व वीजगृह कर्नाटक वीज महामंडळाचे; तेथील कामगार सरकारी कंपनीचे. शेजारच्या कारवार तालुक्यातील कैगा अणुवीज केंद्राची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे, ज्याची स्वतःची अग्निशमन शाखा आहे. ते संघराज्याचे सशस्त्र दल असल्याने तेथे कामगार संघटनेला जागाच नाही.

म्हणजे चाळीस-पन्नास किलोमीटरच्या परिघात आगीशी झुंजणाऱ्या माणसांचे किमान चार प्रकार झाले. धोका बहुधा सारखाच. पण पगार, हक्क, संघटना करण्याची मुभा आणि तक्रार नेण्याचे दार प्रत्येकाचे वेगळे. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा हा नागरी स्थानिक संस्थांचा विषय म्हणून नोंदला आहे. महाराष्ट्रातील मोठ्या शहरांत हे दल महापालिकेचे असते. कर्नाटक आणि गोवा या दोन्ही राज्यांत ते राज्य सरकारचे खाते आहे. वाटाघाटीच्या मेजावर समोर कोण बसणार, हे येथूनच ठरते.

अग्निशमन हा ‘उद्योग’ आहे का?

हा प्रश्न केवळ शब्दाचा नाही. औद्योगिक कलह कायद्याचे संरक्षण ‘उद्योगा’तील ‘कामगारा’लाच मिळते. समेट अधिकारी, लवाद, न्यायाधिकरण ही सारी यंत्रणा त्या व्याख्येच्या आत आहे.

या बाबतीतला पायाभूत निवाडा मराठी मुलखातील आहे. नागपूर महापालिका आणि तिचे कर्मचारी यांच्यातील वादात सर्वोच्च न्यायालयाने १९६० साली पालिकेचा एकेक विभाग घेऊन तपासला. कर गोळा करणारा, पाणी पुरवणारा, दिवाबत्ती पाहणारा, बागा राखणारा. त्यात अग्निशामक विभागही होता आणि तो उद्योगाच्या व्याख्येत बसतो, असा निर्णय न्यायालयाने दिला. पुढे १९७८ मध्ये बंगळूर पाणीपुरवठा मंडळ विरुद्ध राजप्पा या खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने व्याख्या आणखी रुंद केली. पद्धतशीर काम, मालक व कामगार यांचे सहकार्य आणि माणसांच्या गरजा भागवणाऱ्या वस्तू वा सेवांची निर्मिती, या तीन कसोट्या पुऱ्या झाल्या की नफ्याचा हेतू नसला तरी तो उद्योग, असे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालपत्राने सांगितले. निखळ सार्वभौम स्वरूपाची कामे तेवढी त्यातून बाहेर ठेवली.

वन खात्यालाही हा न्याय लावला गेला आहे. पुण्यातील पंचगाव पर्वती योजनेवर आणि अहमदनगर जिल्ह्यातील सामाजिक वनीकरणाच्या कामावर वर्षानुवर्षे राबणाऱ्या मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये निकाल दिला. जगन्नाथ मारुती कोंढरे प्रकरण म्हणून तो ओळखला जातो. झाडे लावणे आणि राखणे हे सार्वभौम कार्य नव्हे, म्हणून तेथील मजूर कामगार कायद्याच्या छत्राखाली येतात आणि त्यांना अनेक वर्षे हंगामी ठेवणे ही अनुचित प्रथा ठरते, असे त्यात म्हटले आहे. जोयड्यातील वणवा पहारेकऱ्यांच्या दृष्टीने या निकालाचे महत्त्व उघड आहे. मात्र ज्या महाराष्ट्र कायद्याच्या आधारे तो दिला गेला, तो १९७१ चा कामगार संघ मान्यता व अनुचित प्रथा प्रतिबंध कायदा सीमेपलीकडे लागू नाही.

राजप्पा निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून हा विषय २०१७ साली नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाकडे सोपवण्यात आला. दरम्यान २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिने सरकारच्या सार्वभौम कार्यांशी निगडित कामे उद्योगाच्या व्याख्येबाहेर ठेवली आहेत. राज्य सरकारचे अग्निशमन खाते या अपवादात मोडते की नाही, यावर वाद घालण्यास दोन्ही बाजूंना जागा आहे. महापालिकेच्या दलापेक्षा सरकारी खात्यातील जवानाची कायदेशीर बाजू त्यामुळे अधिक नाजूक ठरते.

संपाचा हक्क आणि त्याची किंमत

संघटना करण्याचा हक्क घटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने दिला आहे. संपाचा हक्क त्यात अंतर्भूत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ च्या बँक कर्मचारी संघटनेच्या खटल्यात स्पष्ट केले. १९६२ साली कामेश्वर प्रसाद प्रकरणात सरकारी नोकरांच्या शांततामय निदर्शनांवर सरसकट बंदी घालता येणार नाही, पण संपावर घालता येईल, असे ठरले. तामिळनाडूतील सरकारी कर्मचाऱ्यांच्या रंगराजन प्रकरणात २००३ मध्ये तर सरकारी नोकरांना संपाचा मूलभूत, कायदेशीर वा नैतिक असा कोणताच हक्क नाही, असे कठोर विधान करण्यात आले. सेवावर्तन नियमही तेच सांगतात. शिवाय अत्यावश्यक सेवा टिकवण्याचे कायदे आहेत: गोव्याचा १९८८ चा, कर्नाटकाचा २०१३ चा.

जुन्या औद्योगिक कलह कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत अग्निशामक सेवेचे नाव होते. सरकारने अधिसूचना काढली की ती सहा महिन्यांपुरती सार्वजनिक उपयोगाची सेवा ठरे आणि संपापूर्वी १४ दिवसांची नोटीस सक्तीची होई. नव्या संहितेने हा भेद काढून टाकून सर्वच औद्योगिक आस्थापनांना १४ दिवसांच्या नोटिशीचे बंधन घातले. निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तोही संपच, असेही संहिता म्हणते. ‘सामूहिक रजा’ हे गणवेशधारी सेवांतील जुने हत्यार त्यामुळे बोथट झाले आहे.

येथे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची भूमिका ध्यानात घ्यायला हवी. तिच्या ८७ व्या करारानुसार सैन्य आणि पोलीस यांना संघटनास्वातंत्र्यातून वगळता येते. अग्निशमन कर्मचाऱ्यांना नव्हे. संघटना करण्याचा आणि बोलणी करण्याचा हक्क त्यांना असलाच पाहिजे. संपावर बंदी घालता येईल, कारण ती शब्दशः जीवनावश्यक सेवा आहे. परंतु संप काढून घेतला तर त्याची भरपाई द्यावी लागते: निःपक्षपाती आणि जलद समेट व लवाद, त्याच्या प्रत्येक टप्प्यावर कामगारांचा सहभाग आणि मालकावर बंधनकारक असा निवाडा. भारताने ८७ आणि ९८ क्रमांकाचे करार अद्याप मान्य केलेले नाहीत. परिणामी बंदीचा भाग आपल्याकडे पूर्ण आहे. भरपाईचा भाग अर्धामुर्धा आहे. अग्निशमन सेवेतील कोंडीचे मूळ शोधायचे तर ते या असमतोलात सापडते.

कोंडी का होते?

पहिले कारण असे की मेजावर बसणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती ‘हो’ म्हणण्याचा अधिकार नसतो. कर्नाटकात अग्निशमन खात्याचे प्रमुख पोलीस महासंचालक दर्जाचे अधिकारी असतात. पण पद मंजूर करणे, भत्ता वाढवणे, तासांची पाळी बदलून जादा भरती करणे हे सारे वित्त खात्याकडे जाते. संघटना खातेप्रमुखाशी बोलते, खातेप्रमुख गृह खात्याशी, गृह खाते वित्त खात्याशी. कोणीही नकार देत नाही आणि होकारही येत नाही.

दुसरे कारण तुलनेचे. अग्निशामक जवानाचा पगार कोणाशी ताडून पाहावा? पोलीस शिपायाशी, सफाई कामगाराशी, की शेजारच्या राज्यातील जवानाशी? संघटना वरची तुलना निवडते, सरकार खालची. मोजपट्टी ठरलेली नसेल तर आकड्यांवर चर्चा होऊच शकत नाही.

तिसरे कारण पायंड्याची धास्ती. एका खात्याला दिले तर दहा खाती रांगेत उभी राहतील, ही वित्त खात्याची भीती खोटी नाही. चौथे कारण कामाच्या स्वरूपाचे. अग्निशामक जवानाचा बराच वेळ वाट पाहण्यात जातो. मालक त्याला विश्रांती समजतो, जवान त्याला सज्जता म्हणतो. चोवीस तासांच्या पाळीचे मोल कसे करायचे, यावर अनेक देशांतील बोलणी अडली आहेत.

जोयड्यासारख्या तालुक्यात यात अंतराची भर पडते. ग्रामीण भागात बंब २० मिनिटांत पोहोचावा, असा अग्निशमन क्षेत्रात मानला जाणारा दंडक आहे. घाटवळणांच्या आणि जंगलातून जाणाऱ्या रस्त्यांवर तो पाळायचा तर ठाणी, वाहने आणि माणसे वाढवावी लागतात. रिक्त पदांचा प्रश्न येथे एकाच वेळी कर्मचाऱ्यांची मागणी असतो आणि गावकऱ्यांचीही. बोलणी मात्र बंगळूरला होतात आणि गावकरी त्यात पक्षकार नसतो.

कायद्याने आखलेला मार्ग

बोलणी फिसकटल्यावर काय करायचे, याची पायऱ्यांची वाट संहितेत दिली आहे.

*वाटाघाटी करणारा संघ.* आस्थापनेत एकापेक्षा अधिक संघ असतील तर ज्याच्याकडे ५१ टक्के कामगार, त्यालाच बोलणीचा अधिकार मिळतो. तसा कोणी नसेल तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या संघांची मिळून वाटाघाटी परिषद बनते. संघटनांच्या आपसातील चढाओढीमुळे होणारी कोंडी यातून टळावी, असा हेतू आहे.

*समेट.* संपाची नोटीस आली की समेट अधिकाऱ्याने दोन्ही पक्षांना बोलावून तडजोडीचा प्रयत्न करायचा आणि १४ दिवसांत अहवाल द्यायचा. समेट चालू असताना आणि त्यानंतर सात दिवस संप करता येत नाही. या काळात मालकानेही सेवाशर्ती कामगारांना जाचक होतील अशा बदलायच्या नसतात.

*लवाद.* दोन्ही पक्ष राजी असतील तर लेखी करार करून त्रयस्थ लवाद नेमता येतो. हा मार्ग आपल्याकडे फार थोडे जण धरतात, कारण मालकाला निवाड्याची भीती वाटते आणि संघटनेला लवादाच्या निवडीची.

*न्यायाधिकरण.* जुन्या कायद्यात समेट फसल्यावर वाद न्यायाधिकरणाकडे पाठवायचा की नाही, हे सरकार ठरवी. जेथे सरकार स्वतःच मालक, तेथे हा प्रकार आरोपीनेच फिर्याद नोंदवायची की नाही ते ठरवावे, असा होता. नव्या संहितेत समेट अहवालानंतर ९० दिवसांच्या आत कोणताही पक्ष थेट न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. सार्वजनिक मालकांच्या बाबतीत हा बदल खरोखर मोलाचा आहे.

ज्यांना ‘कामगार’ मानले जात नाही त्या सरकारी नोकरांसाठी मार्ग वेगळा. कर्नाटकात सेवाविषयक तक्रारी राज्य प्रशासकीय न्यायाधिकरणापुढे जातात; त्याचे एक पीठ बेळगावात आहे. पण ते नियम मोडला की नाही एवढेच पाहते. नवा पगार किती असावा, हे ठरवण्याचे काम त्याचे नव्हे. केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी १९६६ मध्ये संयुक्त सल्लामसलत यंत्रणा उभारली. तिच्यात एकमत न झाल्यास वेतन व भत्ते, आठवड्याचे कामाचे तास आणि रजा या तीन विषयांवर सक्तीच्या लवादाची सोय आहे, संसदेचा अंतिम अधिकार राखून. राज्यांच्या अग्निशमन सेवांना उपयोगी पडेल असा हा घरचाच नमुना आहे.

जवळची तीन उदाहरणे

अग्निशमन सेवेपुरता नसला तरी सार्वजनिक मालकाशी झालेल्या कोंडीचा सर्वांत बोलका अलीकडचा दाखला मुंबईच्या ‘बेस्ट’चा. ८ जानेवारी २०१९ रोजी तीस हजारांहून अधिक कर्मचारी संपावर गेले. रखडलेला वेतनकरार, २००७ नंतर भरती झालेल्यांची कमी वेतनश्रेणी आणि ‘बेस्ट’चा अर्थसंकल्प महापालिकेच्या अर्थसंकल्पात विलीन करणे, या मुख्य मागण्या होत्या. अत्यावश्यक सेवा कायदा लावूनही संप नऊ दिवस चालला. शेवटी मुंबई उच्च न्यायालयात तोडगा निघाला: दहा वेतनवाढींचा अंतरिम लाभ लगेच द्यायचा आणि उरलेले मुद्दे मध्यस्थाकडे सोपवायचे. मध्यस्थ म्हणून निवृत्त मुख्य न्यायमूर्ती फर्दिनो रिबेलो यांचे नाव पुढे आले, जे मूळचे गोव्याचे. कायद्याच्या धाकाने जे साधले नाही, ते थोडे रोख आणि एका विश्वासू नावाने साधले.

दुसरे उदाहरण खुद्द कर्नाटकाचे. सातव्या राज्य वेतन आयोगाचा अहवाल येण्यास विलंब लागणार म्हणून राज्य सरकारी कर्मचारी संघटनेने १ मार्च २०२३ पासून बेमुदत संप पुकारला. त्याच दिवशी सरकारने मूळ वेतनात १७ टक्के अंतरिम वाढीचा आदेश काढला आणि संप मागे घेण्यात आला. पुढे आयोगाच्या शिफारशी १ ऑगस्ट २०२४ पासून लागू झाल्या. वेगाच्या दृष्टीने हा आदर्श तोडगा. पण सर्व खात्यांसाठी एकच टक्केवारी ठरली की अग्निशमन सेवेचे खास प्रश्न, म्हणजे पाळीचे तास, जोखीम भत्ता, रिक्त पदे, त्या बेरजेत कोठेच दिसत नाहीत.

तिसरे महाराष्ट्राचे. जुन्या निवृत्तिवेतनासाठी १४ मार्च २०२३ रोजी सुरू झालेला संप २० मार्चला, तीन निवृत्त सनदी अधिकाऱ्यांच्या समितीवर विसंबून मागे घेतला गेला. समिती नेमल्याने त्या दिवसाची कोंडी सुटते. प्रश्न सुटतोच असे नाही. समितीला मुदत, अधिकारकक्षा आणि अहवालावर निर्णय घेण्याची तारीख घालून दिली नसेल तर तीच पुढच्या संपाचे कारण होते.

परदेशातील दोन वाटा

ब्रिटनमध्ये अग्निशमन कर्मचाऱ्यांना संपाचा हक्क आहे. त्यांचा पहिला देशव्यापी संप १४ नोव्हेंबर १९७७ रोजी सुरू झाला. मागणी ३० टक्के वाढीची, तर सरकारचा दंडक १० टक्क्यांचा. लष्कराच्या जवानांनी ‘ग्रीन गॉडेस’ नावाचे जुने हिरवे बंब रस्त्यावर आणले. नऊ आठवड्यांनी, जानेवारी १९७८ मध्ये संप मिटला, तो एका सूत्रावर. अग्निशामकाचा पगार कमाईच्या उतरंडीत वरच्या चतुर्थांशात येणाऱ्या पुरुष श्रमिकाच्या कमाईशी बांधला गेला आणि आठवडा ४२ तासांचा करण्याचे ठरले. या सूत्राने पुढची जवळजवळ पंचवीस वर्षे देशव्यापी वेतनसंप होऊ दिला नाही. मोजपट्टी एकदा ठरली की दरवर्षी भांडावे लागत नाही, हा त्याचा धडा.

पण सूत्रही जुने होते. उद्योगधंदे बदलले, तुलनेचा आधार कमकुवत झाला आणि नोव्हेंबर २००२ मध्ये वर्षाला ३० हजार पौंडांच्या मागणीसाठी पुन्हा संप झाले. सर जॉर्ज बेन यांच्या समितीने वाढीला कामाच्या पद्धतींतील बदलांची जोड घालायला सांगितले; संघटनेने प्रथम ते धुडकावले. अखेर जून २००३ मध्ये टप्प्याटप्प्याने १६ टक्के वाढ आणि त्या बदल्यात आधुनिकीकरण, असा करार झाला.

अमेरिकेतील काही राज्यांनी दुसरी वाट धरली. पेन्सिल्व्हेनियाने १९६८ मध्ये आणि मिशिगनने १९६९ मध्ये पोलीस व अग्निशमन सेवांसाठी सक्तीच्या लवादाचे कायदे केले. संपाला बंदी, बोलणी फसली तर तीन सदस्यांचे लवाद मंडळ, त्यात मालकाचा एक, संघटनेचा एक आणि तटस्थ अध्यक्ष. मिशिगनच्या कायद्यात निवाड्याचे निकषही लिहिलेले आहेत: मालकाची ऐपत, महागाई, तुलनेने सारख्या गावांतील वेतन, लोकहित. आर्थिक मुद्द्यांवर मंडळाने मधला आकडा काढायचा नाही; दोन्ही पक्षांच्या अंतिम प्रस्तावांपैकी कायद्यातील निकषांना जो अधिक धरून असेल तो उचलायचा.

या ‘अंतिम प्रस्ताव’ पद्धतीमागचा विचार साधा आहे. लवाद मधला आकडा काढणार हे ठाऊक असेल तर एक बाजू अवास्तव मागते, दुसरी अवास्तव नाकारते. दोनपैकी एकच प्रस्ताव निवडला जाणार असेल तर अवाजवी मागणारा हरतो. म्हणून दोघेही वाजवीकडे सरकतात आणि पुष्कळदा लवादापूर्वीच एकमत होते. सक्तीच्या लवादावर टीकाही होते. लवाद आहेच म्हणून बोलणी थंडावतात. एकदा चटक लागली की पक्ष दरवेळी तिकडेच धावतात. निवडून न आलेला लवाद करदात्याच्या पैशाचा निर्णय घेतो. मिशिगनने २०११ मध्ये कायदा दुरुस्त करून मालकाच्या आर्थिक ऐपतीला अधिक वजन दिले, ते या शेवटच्या टीकेमुळेच.

रोजंदारीवरचा अग्निशामक

वरील सारी चर्चा ज्याच्याकडे नेमणुकीचा कागद आहे त्याची. जोयड्याच्या जंगलात वणव्यापुढे उभा राहणारा पहारेकरी बहुधा हंगामी असतो. त्याचे काम कमी धोक्याचे नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये कर्नाटकातीलच बंडीपूरच्या वणव्यात एक वनरक्षक प्राणास मुकला. गोव्याने मार्च २०२३ मध्ये म्हादई परिसरातील वणवे पाहिले. नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाणी ओतत होती, तरी जमिनीवर काम माणसांनाच करावे लागले.

या माणसाच्या हक्कावर सर्वांत मोठी मर्यादा कर्नाटकातूनच आली. कर्नाटक राज्य विरुद्ध उमादेवी या खटल्यात एप्रिल २००६ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने, रीतसर भरतीप्रक्रियेविना घेतलेल्या रोजंदार व कंत्राटी कर्मचाऱ्यांना केवळ दीर्घ सेवेच्या जोरावर कायम होण्याचा हक्क नाही, असा निर्णय दिला. मंजूर पदांवर दहा वर्षांहून अधिक काळ न्यायालयीन आदेशाच्या आधाराविना काम केलेल्यांसाठी एकवेळची सवलत तेवढी ठेवली. पुढे कर्नाटकाने २०१२ मध्ये रोजंदारी कर्मचारी कल्याण कायदा करून काही सेवालाभ दिले. पण दरवर्षी तीन-चार महिने कामावर येणारा पहारेकरी अशा कायद्यांच्या चौकटीत सहजी बसत नाही. त्याची मजुरी थकली तर त्याची कोंडी कोणाला दिसत नाही. तो पुढच्या उन्हाळ्यात येत नाही एवढेच. आणि त्याच्याबरोबर पाऊलवाटा, पाणवठे आणि वाऱ्याची दिशा यांचे ज्ञानही जाते.

कोंडी टाळायची तर

या अनुभवांतून काही गोष्टी ठळकपणे हाती लागतात.

१. बोलणीला बसणाऱ्या सरकारी पथकात वित्त खात्याचा, निर्णयाचा अधिकार असलेला प्रतिनिधी पहिल्या दिवसापासून हवा.

२. वेतनाची तुलना कोणाशी करायची, हे आकड्यांच्या आधी ठरवावे आणि ती मोजपट्टी ठराविक वर्षांनी तपासण्याची तारीखही करारातच लिहावी.

३. करार संपण्यापूर्वी नव्या बोलणीला आरंभ व्हावा आणि विलंब झाल्यास अंतरिम वाढ आपोआप मिळावी. कर्नाटकात १७ टक्के देऊन जे एका दिवसात साधले, त्यासाठी संपाची हाक लागायला नको होती.

४. संपबंदी आणि बंधनकारक लवाद ही जोडी आहे. एक ठेवून दुसरे नाकारता येत नाही. वेतन, तास आणि रजा या तीन विषयांपुरता तरी मुदतबंद लवाद राज्यांच्या अग्निशमन सेवांना असावा.

५. वाद कितीही ताणला तरी आगीच्या हाकेला जाणारी किमान पथके कोणती, हे दोन्ही पक्षांनी शांततेच्या काळात लिहून ठेवावे. निषेध कार्यालयीन कामावर, कवायतीवर, समारंभावर व्हावा, बंबावर नव्हे.

६. हंगामी पहारेकऱ्यांची मजुरी, विमा आणि पुढील हंगामातील प्राधान्य यांचा विषय त्याच मेजावर यावा.

यांपैकी पाचवा मुद्दा शहराला एक अर्थ सांगतो, जोयड्याला दुसरा. मुंबईत एका ठाण्याचा बंब आला नाही तर शेजारच्या ठाण्याचा येऊ शकतो. कॅसलरॉक, डिग्गी किंवा उळवीला ‘शेजारचे ठाणे’ हा शब्दच लांबचा आहे. तेथे पर्यायी व्यवस्था म्हणजे गावकरी, बादल्या आणि हिरव्या डहाळ्या. राज्याच्या राजधानीत सह्या लांबणीवर पडतात तेव्हा त्याचा हिशेब अखेर अशा गावांत होतो. अग्निशामक जवानाची बोलणी वेळेत मिटवणे हा कर्मचाऱ्यांवरचा उपकार नसून आग लागण्याआधी केलेली तजवीज आहे.